राख तोलणारा तराजू

गोष्ट कोणत्या वर्षीची, हे प्रयोगशाळेतल्या म्हाताऱ्या तराजूला आता नीट आठवत नाही. फडताळाच्या दोन कोपऱ्यांत सिगारेट आणि ई-सिगारेट भांडत होत्या.

"माझ्यात ना राख, ना डांबर. नुसती आंब्याच्या वासाची वाफ!"

"नखरे बघा! पोटातलं निकोटिन सांग की," सिगारेट खोकली.

फडताळात घरटं बांधणाऱ्या साळुंकीने विचारलं, "तराजूकाका, माझ्या पिल्लाला कुणाशेजारी ठेवू?"

पारड्यात पडेल तेवढंच खरं, ही तराजूची जन्माची शिस्त. त्याने दोघींकडे राख मागितली. ई-सिगारेटचं पारडं रिकामंच राहिलं.

"या नवीपाशी ठेव, पोरी."

पिल्लाला वाफेची चटक लागली. ते कधी उडालंच नाही.

खूप वर्षांनी प्रयोगशाळेतल्या प्राध्यापकांनी दोघींमधलं निकोटिन काढून त्याच तराजूच्या दोन पारड्यांत ठेवलं. काटा मध्यावरून हलला नाही.