धाकट्या धरणीचा दर्या

काळाला अजून वार-तिथी ठाऊक नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट. सूर्याच्या अंगणात तीन धरण्या होत्या, सख्ख्या बहिणी. थोरली अवाढव्य, मधली बेताची आणि धाकटी अगदी लहानखुरी. या धाकटीवर माणसं राहत. तिथं एक दर्या होता आणि दर्याकाठी गिरजा नावाची नावाडीण आपल्या लेकीसह राहत होती.

गिरजाचा नवरा त्याच दर्यात मासे धरायला गेला तो परतला नाही. दर्या हीच त्याची समाधी. रोज सकाळी गिरजा ओंजळभर पाणी कपाळाला लावी आणि मगच नाव सोडी.

पुढं दर्या मागे सरकू लागला. आधी हातभर, मग कोसभर. हवा विरळ झाली. चुलीवर पाणी लगेच उकळे, पण भात कच्चाच राही. चार पावलं चाललं की धाप लागे. भर दुपारी आभाळ काळं पडे आणि चांदण्या दिसत. लोकांनी गाठोडी बांधायला घेतली. गिरजा मात्र नाव ओढत दर्यामागे जात राहिली.

एके दिवशी पाणीच उरलं नाही. कोरड्या तळाशी बसून तिनं धरणीला विचारलं, "आई, माझा माणूस तुझ्या पदरात ठेवला होता. तू दर्या जाऊ कसा दिलास?"

धरणी म्हणाली, "बाई, मी जाऊ दिला नाही. मला धरवला नाही. माझा जीव लहान, म्हणून माझी ओढही लहान. वारा माझ्या पदरातून कणाकणानं निसटला. लहान निखारा लवकर निवतो ना, तसा माझ्या पोटातला विस्तवही लवकर निवला. मग डोंगरांनी नवी वाफ सोडायचं थांबवलं. वाऱ्याचं पांघरूण गेल्यावर पाणी कशाच्या आधारानं थांबणार? थोडं मातीत गोठलं, बाकीचं उडून गेलं."

"मग थोरलीकडे जाऊ?"

"तिची ओढ फार. तिनं इतका वारा गोळा केलाय की त्याच्या भारानं माणूस चिरडेल. तिच्याकडे उभं राहायला काठसुद्धा नाही. मधलीकडे जा. तिला वाराही धरता येतो आणि माणूसही पेलवतो."

"आणि तू?"

धरणी म्हणाली, "माझ्याकडून निघणं सोपं आहे, गिरजा. तेवढंच मी तुला देऊ शकते."

गिरजानं लेकीला आणि उरलेल्या लोकांना नावेत घेतलं. सुकलेल्या तळावर वल्हं रेटलं. नाव अलगद वर उचलली गेली. तिला कुणी मागं ओढलं नाही, आणि त्याचंच तिला रडू आलं.

मधल्या धरणीवर निळा दर्या होता, भरभरून वारा होता. पण सगळ्यांचे पाय जड झाले. लेक कुरकुरली, "आई, इथं पाऊल उचलायलाही कष्ट पडतात. ही धरणी सोडतच नाही."

गिरजा लाटांकडे पाहत होती. "सोडत नाही, म्हणून तर हे सगळं इथं आहे, बाळ," ती म्हणाली.

लोक त्या दर्याकाठी वसले, त्यांची लेकरं-नातवंडं तिथंच वाढली. गिरजा मात्र जन्मभर रोज तिन्हीसांजेला काठावर येई आणि आभाळातल्या एका तांबूस ठिपक्याकडे पाहत बसे.

तात्पर्य : ज्या ओढीनं पाय जड होतात, त्याच ओढीनं श्वास टिकतो; म्हणून धरून ठेवणाऱ्याला ओझं म्हणू नये.