फार तर दोन वर्षं

"किती जगतील हे?"

हा प्रश्न मॅडमनी विचारला होता, की मीच विचारून मीच उत्तर दिलं, हे आता खात्रीनं सांगता येत नाही. उत्तर मात्र माझंच होतं.

"दोन वर्षं. फार तर."

मॅडम म्हणजे डॉ. कुंदा केळुसकर, आमच्या पॅथॉलॉजी विभागाच्या प्रमुख. मी नुकताच परदेशातून शिकून आलो होतो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात पेशींमधलं एक प्रथिन रंगवून रोग्याचं पुढचं सांगता येतं, असा माझा प्रबंध होता. तपकिरी रंग जितका गडद, तितकं आयुष्य कमी.

रोगी गजानन खरवडे. पोस्टमन. ऑपरेशन होऊन महिना झाला होता आणि ते बाहेर बाकावर अहवालाची वाट पाहत होते. अहवालात मी दोन वर्षं लिहिली होती. मॅडमची सही तेवढी राहिली होती.

"रंग वाचता येतो तुला?"

"तेच तर शिकून आलो, मॅडम."

त्या उठल्या. कपाटातून पाच स्लाइड, म्हणजे गाठीचा एकेक रंगवलेला काप लावलेल्या काचा, काढल्या, नावांवर चिकटपट्टी लावली आणि माझ्यासमोर ठेवल्या.

"वाच."

"कोणाच्या आहेत?"

"रंग वाचायला नाव कशाला हवं?"

मी वाचल्या.

"हे दोघं लवकर जातील. हा जगेल. आणि या दोघांचं..."

"अडलास का?"

"या दोघांचं सांगता येत नाही."

"तिघांचं आलं, हेही पुष्कळ झालं."

मग माझा अहवाल त्यांनी माझ्याच हातात दिला.

"बाहेर जा. त्यांच्या तोंडाकडे बघून आकडा सांगून ये. मग सही करते."

मी गेलो. खरवडे उठून उभे राहिले.

"साहेब, ड्युटीवर कधी जाऊ?"

मी आकडा न सांगताच आत आलो आणि ती ओळ खोडली. मॅडमनी सही केली.

"आता बरोबर झालं ना?" मी विचारलं.

"आता कमी चूक आहे."

पुढे बावीस वर्षांनी, निवृत्तीच्या आधी, स्लाइड काढल्याची जुनी नोंदवही मी मुद्दाम शोधली. त्या तारखेला मॅडमच्या अक्षरात एकच ओळ होती: खरवडे, एकच गाठ, पाच जागांचे पाच काप.