फाटकासमोरची फळी

“विद्यालयात पाऊल टाकायचं नाही, कुणाला प्रश्न विचारायचा नाही, एकही कागद उघडायचा नाही! तरी तिथे किती शिकवलं जातं, ते मला आठ दिवसांत कळलं पाहिजे!” राजा शार्दूलसेन भर दरबारात गरजला.

आचार्य पृथुलशास्त्रींच्या विद्यालयात तीनशे मुलं सरकारी शिष्यवृत्तीवर शिकत. आधीच्या तिन्ही तपासनिसांचा अहवाल एकच : ‘शिक्षण उत्तम, बासुंदी अत्युत्तम!’ पुढे आचार्यांनी राजाला पटवलं, की तपासनीस आत आले की मुलांची एकाग्रता मोडते, प्रश्नांनी गुरुजनांचा अपमान होतो आणि कागद तर गोपनीयच. राजा शब्द देऊन बसला होता, आणि शब्द फिरवणं त्याला माहीत नव्हतं.

“मी सांगते, महाराज!” राजवाड्याच्या दाराशी चणे-फुटाणे विकणारी हौसा भडभुंजीण पुढे आली. “एक फळी द्या. तुमच्या कारकुनाकडून तिच्यावर दोन ओळी लिहवून घेते. खाली तेवढी राजमुद्रा उमटवा.”

काय लिहायचं, ते तिने कारकुनाच्या कानात सांगितलं. मग विद्यालयाच्या फाटकासमोर, रस्त्यापलीकडे फळी रोवली आणि शेजारी आपली भट्टी मांडली.

सकाळी मुलं बाहेर पडली, ती आचार्यांच्या म्हशी चारायला. फळीकडे पाहून पुढे गेली. गुरुजी आले, राजमुद्रेला नमस्कार करून गेले. एक म्हैस फळीला पाठ घासून गेली. हौसाजवळ कुणीही आलं नाही.

आठव्या दिवशी ती भट्टी विझवून दरबारात आली. मागोमाग वाजतगाजत आचार्य आले. पालखीत हार घातलेली तीच फळी!

“महाराजांनी धाडलेलं हे प्रशस्तिपत्र आम्ही विद्यालयात लावणार आहोत!” आचार्य म्हणाले.

“वाचून दाखवा की!” हौसा म्हणाली.

“माझे डोळे आलेत.”

“मग तुमचा पट्टशिष्य वाचेल!” राजा म्हणाला.

“त्याचं आज मौन आहे, महाराज.”

राजाने फळी ओढून घेतली आणि मोठ्याने वाचली, “‘हे ज्याला वाचता येईल, त्याने हौसाकडून ओंजळभर फुटाणे फुकट घ्यावेत. राजाज्ञा.’ हौसा, किती जणांनी नेले?”

“एकानेही नाही, महाराज! पोतं भरलेलंच आहे!”

दरबारात खसखस पिकली. आचार्य लालबुंद झाले. “ही अडाणी बाई आम्हाला तपासणार? हिला स्वतःला तरी वाचता येतं का?”

“नाही येत!” हौसा म्हणाली. “पण न शिकण्यासाठी मी कधी सरकारी पैसा घेतला नाही!”

राजा इतका हसला की मुकुट मांडीवर पडला. आचार्यांना त्याच दिवशी म्हशींमागे धाडलं आणि मुलांना खरे गुरुजी नेमून दिले. हौसाला मिळाले सोन्याचे गोठ आणि राजवाड्यासमोर पक्कं दुकान. उद्घाटनाला पहिली ओंजळ खुद्द राजाने घेतली, तीही फळी वाचून!