म्हसूच्या स्लॅबवरचं सोलर

एका गावात एक भोळा गडी राहत होता. नाव म्हसू. भोळा हे आपलं सभ्यपणे म्हणायचं. गाव त्याला वेडगळ म्हणे, आणि गाव स्वतः फार शहाणं होतं अशातला भाग नाही.

म्हसूच्या बायकोनं, अनुसयेनं, शेवयांचं यंत्र घेतलं. दिवसभर वीज गायब, म्हणून स्लॅबवर सोलरच्या प्लेटा बसवल्या. गावातलं पहिलंच सोलर. पारावरच्या मंडळींनी बसल्याजागी निकाल दिला, "खेळणं हाय ते. टिकायचं न्हाई." तरी बापू पाटलानं लेकीच्या लग्नासाठी वीस किलो शेवया सांगितल्या. हे काम नीट झालं तर उन्हाळाभर हाताला काम मिळणार होतं. अनुसयेचा सगळा जीव त्यातच अडकला होता.

प्लेटा बसवून झाल्यावर मिस्त्री म्हसूला म्हणाला, "दादा, हिच्यावर सावली पडू देऊ नका. पडली की लगेच हटवायची."

उन्हं कलली तशी अंगणातल्या पेरूच्या एका फांदीची सावली प्लेटेच्या कोपऱ्यावर आली. म्हसूनं कुऱ्हाड घेतली आणि फळांनी लगडलेलं झाड बुंध्यापासून आडवं केलं.

अनुसयेनं कपाळावर हात मारला. "अवो, एका फांदीपायी अख्खं झाड पाडलं? बाजूला वढून दोरीनं बांधायचं व्हतं!"

"आता तसंच करीन," म्हसू म्हणाला. गडी शब्दाचा पक्का.

दुसऱ्या दिवशी सासरा आला. लेकीचं सोलर बघायला भर दुपारी स्लॅबवर चढला आणि प्लेटेसमोर उभा राहिला. सावली पडली. म्हसूनं त्याला बाजूला ओढलं आणि पाण्याच्या टाकीला करकचून बांधलं.

"जावईबापू, ह्ये काय?"

"मामा, हलू नका. सावली पडतीया."

तासाभरानं अनुसयेनं बापाला सोडवलं, तेव्हा म्हातारा लालबुंद झाला होता. ती कडाडली, "उन्हात तापल्याल्याला बांधत्यात व्हय? वल्लं फडकं टाकायचं, छत्री धरायची, जरा इसावा द्यायचा!"

"आता तसंच करीन."

शेवया द्यायचा दिवस उजाडला. अनुसयेनं पीठ मळून तयार ठेवलं, ऊन चढताच यंत्र सुरू केलं. शेवया सरसर उतरू लागल्या. पारावरच्यांची तोंडं आता बंद होणार, या विचारानं ती खूश होती. दुपारी म्हसू प्लेटा पुसायला वर गेला. हात लावला तर चटका बसला. त्याला फार वाईट वाटलं.

खाली यंत्र बंद पडलं. पीठ आतच अडकलं. अनुसयेनं बटणं दाबली, तारा हलवल्या, शेवटी रडकुंडीला आली. तेवढ्यात बापू पाटील शेवया न्यायला हजर. दोघं धावत वर गेले.

प्लेटांवर ओल्या गोधड्या पांघरल्या होत्या. म्हसू त्यांच्यावर छत्री धरून उभा होता.

"हळू बोला," तो म्हणाला. "सकाळधरनं उन्हात राबल्यात बिचाऱ्या. आत्ता कुठं डोळा लागलाय."

बापू पाटलानं सूर्याकडे बघितलं, गोधडी चाचपली, गंभीरपणे मान हलवली आणि तडक पार गाठला. सकाळी अनुसयेचं यंत्र चाललेलं बघून तिथं तिघेजण सोलरचे अर्ज भरत बसले होते. त्यानं त्यांच्या हातातल्या कागदांकडे बोट दाखवलं.

"फाडा ते! म्या सोता डोळ्यानं बघून आलोय. ऊन वाढलं की सोलर बंद पडतंय!"

"वाचिवलंत, पाटील!" म्हणत तिघांनी त्याचे पाय धरले आणि अर्ज फाडून टाकले.