भागोजी रुसला

डोंगराखालच्या एका गावात एक भोळा राहत होता. नाव भागोजी. बिचाऱ्याला राग, आनंद, दुःख यांची नुसती नावं पाठ. आनंद करायचा कसा, दुःखी व्हायचं कधी, हे त्याच्या ठकूआत्यानं सांगावं लागे. त्याची दोन स्थळं मोडली होती. तिसरंही मोडलं, तर म्हातारी जन्मभर हे ध्यान एकटीच सांभाळत बसणार होती.

दोघं मुलगी बघायला गेली. चंद्रभागा समोर येऊन बसली. भागोजीचं तोंड भिंतीसारखं. परतताना आत्या म्हणाली, "ठोंब्या, पुन्हा गेलास की दारातच म्हण, फार आनंद झाला!"

"म्हणतो."

आठ दिवसांनी होणाऱ्या सासऱ्याची म्हैस मेली. भागोजी भेटायला गेला. सासऱ्यानं डोळे पुसत दार उघडलं.

"फार आनंद झाला!" भागोजी म्हणाला.

सासऱ्यानं पायातला जोडा काढला. दुभती म्हैस होती हो!

आत्यानं कपाळ बडवून घेतलं. "मेल्या, तिथं बोलायचं नसतं. गळ्यात पडून रडायचं!"

"रडतो."

आत्यानं हातापाया पडून सोयरीक सावरली. साखरपुड्याला सासऱ्यानं हौसेनं नारळ पुढे केला. भागोजीनं त्याच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला.

"म्हैस आठवली वाटतं," म्हणत सासराही गहिवरला. पण पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली, मुलीत काही खोट आहे की काय! सासूबाई लालबुंद झाल्या.

"आता डोकं चालवू नकोस," आत्या म्हणाली. "समोरचं माणूस हसलं की हसायचं, रडलं की रडायचं."

"आणि लग्नात जेवताना?"

"तेव्हा रुसायचं. जावयाचा मान असतो तो. सासरा 'काय हवं ते देतो' म्हणेपर्यंत जागचं हलायचं नाही."

लग्न लागलं. पंगतीत सगळे हसत जेवत होते. भागोजीनंही हसत अकरा जिलब्या खाल्ल्या. आत्या लांबून डोळे वटारत होती, तर यानंही वटारले. रुसायचं राहूनच गेलं.

मग पाठवणी आली. चंद्रभागा आईच्या गळ्यात पडून रडू लागली, "मला नाही जायचं गं आई!"

भागोजी दुसऱ्या बाजूनं सासूबाईंच्या गळ्यात पडला. "मला नाही जायचं गं आई!"

तेवढ्यात त्याला रुसव्याची आठवण झाली. तो उंबऱ्यावर ठाण मांडून बसला. गाडी खोळंबली, बैल कंटाळले.

"जावईबापू, उठा की!" सासऱ्यानं हात जोडले. "काय हवं ते देतो!"

"मला पाठवू नका."

चार गावची माणसं ऐकत होती. दिलेला शब्द सासरा मागे घेणार कसा?

चंद्रभागेचं रडणं थांबलं. तिनं नवऱ्याकडे एकदा नीट बघितलं, पदर खोचला आणि ठकूआत्याशेजारी गाडीत जाऊन बसली. "हाण रे गाडी!" आत्या गाडीवानावर ओरडली, कुणाचं मन बदलायच्या आत.

सासरा कपाळाला हात लावून ओट्यावर बसला. भागोजीही शेजारी बसला, आणि त्यानंही कपाळाला हात लावला.