लाखेच्या मोहरेखालचा कापूस

फार फार वर्षांपूर्वी, खाडीकाठच्या एका राज्यात गावोगावी गणितपेट्या होत्या. पेटीला आकडे भरवले की उधाणाचं पाणी कधी आणि किती चढेल, ते ती सांगे. पण काम करताना ती तापे, म्हणून तिच्याखाली वाऱ्याची चौकी ठेवावी लागे. चौकीच्या पोटात एक चाक फिरे, बाजूच्या जाळीतून वारा आत ओढी आणि पेटी थंड राही. चौकीच्या तळाला राजाच्या कारखान्याची लाखेची मोहर असे. ती मोडणाऱ्याला कारखाना पुन्हा दारात उभं करत नसे आणि गावही वाळीत टाकी.

एका गावची पेटी आवडाबाई सांभाळत. कोजागरीचं उधाण चार दिवसांवर आलं होतं आणि भात शेतात उभं होतं. पाणी बांधावरून येणार असेल, तर ते आधीच कापायला हवं होतं, नाहीतर गाव वर्षभर उपाशी. येणार नसेल, तर कोवळा दाणा कापणं हा वेडेपणा. नेमकी तेव्हाच चौकी बंद पडली. पेटी तापली आणि मुकी झाली.

आवडाबाई चौकी डोक्यावर घेऊन कारखान्यात गेल्या. मुख्य कारागिरानं ती हातातही घेतली नाही.

"गेली ही. इथंच टाका. नवी दोन महिन्यांनी मिळेल."

"अहो, निदान उघडून तर बघा!"

"मोहर काय उघडायला लावलीय, बाई? दसरा झाला की दरवर्षी अशा शंभर येतात. त्याला आम्ही काय करणार?"

चौकी तशीच उचलून त्या परत निघाल्या. दरवर्षी दसऱ्यानंतरच का? दसऱ्याला चौकीची पूजा होते, जाळीवर कुंकू लावलेलं कापसाचं वस्त्र वाहतात. आणि ते वाहा म्हणून दवंडी कोण पिटतं? हाच कारखाना! आवडाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी येताच त्यांनी चुलीत उलथनं तापवलं.

"जाऊबाई, मोहरेला हात नका लावू! गाव वाळीत टाकेल!" धाकटी जाऊ ओरडली.

"टाकू दे. उपाशी गावात राहून तरी काय करायचंय?"

लाख वितळली, तळ सुटला. चाकाच्या कण्याला लाल कापसाचा गुंडा घट्ट आवळला होता. आवडाबाईंनी तो केसांतल्या आकड्यानं उपसून काढला, खोबरेल तेलाचा थेंब सोडला. चाक भिरभिरलं.

"एवढंच होतं?" जाऊनं विचारलं.

"एवढंच," आवडाबाई म्हणाल्या, आणि संतापानं त्यांना रडूच फुटलं.

पेटी बोलली: पाणी बांधाच्या वर हातभर. सगळं गाव विळे घेऊन शेतात उतरलं. कोजागरीला खाडी आत घुसली, तेव्हा शेतात नुसती धसकटं होती.

मोहर मोडली म्हणून कारागिरानं आवडाबाईंना राजापुढे उभं केलं. त्यांनी तो लाल गुंडा राजाच्या पायाशी टाकला.

"महाराज, यांच्याकडची एक कोरी चौकी मागवा. माझ्यादेखत उघडा."

कारागिराचा चेहरा पडला. कोरी चौकी आली, लाख फोडली. कण्याला कुंकवानं लाल झालेला कापसाचा धागा अजून चिकटून होता.

"आमच्याच मेलेल्या चौक्या आम्हालाच नव्या म्हणून विकता?" आवडाबाई कडाडल्या. "थोडी तरी लाज?"

राजानं मोहरेची चाल त्याच दिवशी बंद केली. त्याच्या हुकमानं कारागीर पुढची सगळी वर्षं गावोगाव फिरला आणि लोकांच्या ओट्यावर बसून, त्यांच्या डोळ्यांसमोर चौक्या उघडून साफ करत राहिला.

तात्पर्य: वस्तू ज्याच्या घरात, ती उघडून बघण्याचा आणि नीट करण्याचा हक्कही त्याचाच.