भिंतीवरची आमटी

“म्हणजे आता एकही लाल ओळ उरली नाही?”

“एकही नाही, आक्का. सगळं हिरवंगार!” कुस्ती मारलेल्या पैलवानानं गदा मिरवावी तसा इंद्रजितनं लॅपटॉप फिरवून दाखवला.

टेकडीवरच्या आक्काच्या घरी पाच-सहा शिष्य राहत. संगणकाच्या मेमरीशी थेट व्यवहार करणारी एक लायब्ररी, म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये आयती वापरायच्या कोडचा संच, ते मिळून सांभाळत. दूरदूरचे लोक ती घेत, आणि कशी वापरायची ते तिच्या माहितीपानांत बघत. पानं तयार होताना त्यातलं प्रत्येक उदाहरण मशीन खरोखर चालवून बघे. एक जरी अडलं, की अख्खा बिल्ड, म्हणजे नव्या आवृत्तीची सगळी जुळणी, फेल.

तीन दिवस तो फेलच होता. नवी आवृत्ती आज संध्याकाळी निघायची, आणि इंद्रजितचं काम तिच्यात पहिल्यांदाच जायचं. बापाला फोन करून सांगूनही बसला होता. पोराच्या हुशारीला तोड नव्हती, पण नाक कायम छपराला टेकलेलं.

“कसं केलंस?”

“तीन उदाहरणं अडत होती. मेमरी मागायचं फंक्शन मी सुधारलं ना! आकडा आधी किलोबाइटमध्ये द्यायचा, आता बाइटमध्ये. पानांवर जुनेच आकडे. मग तिन्हींवर खूण केली, ‘चालवून बघू नये’. मशीन ती सोडून पुढं जातं.”

“आणि आकडे?”

“राहू देत की. कोड तर पक्का आहे. जाणत्याला कळतंच.”

आक्का चुलीकडं वळली.

“चल, जेवायला.”

त्या घराचा एक नेम होता. ज्यानं पदार्थ केला त्यानं कृती चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं लिहायची. पुढं दुसऱ्यानं भिंत वाचूनच रांधायचं. आणि पहिला घास लिहिणाऱ्याचा.

आज पाळी नजमाची. आमटी इंद्रजितच्या कृतीची.

त्यानं ऐटीत भुरका मारला... आणि तांब्याभर पाणी घटाघटा प्याला.

“नजमे, समुद्र ओतलास का गं?”

“तीन चमचे मीठ लिहिलंय, तीन घातले. अक्षर तुझंच.” नजमा कमरेवर हात ठेवून उभी.

“अगं, ते बारक्या चमच्याचं! तो बदलून मी गेल्या आठवड्यात मोठा चमचा ठेवला. आता एकच घालायचा, एवढं कळत नाही?”

“मी काय तुझ्या डोक्यात राहते?”

बाकीचे खो-खो हसले.

आक्का उठली. चुलीजवळचा विझलेला कोळसा उचलला. इंद्रजितच्या कृतीखाली ठसठशीत लिहिलं, ‘करून बघू नये’.

हात झटकून पाटावर येऊन बसली.

“झाली दुरुस्त. वाढ गं त्याला अजून.”

इंद्रजित वाटीकडं बघत राहिला... मग भिंतीकडं... मग त्याचं त्यालाच हसू फुटलं.

डाव्या हातानंच त्यानं लॅपटॉप ओढला आणि तिन्ही खुणा पुसल्या. पडदा लालभडक झाला. नजमानं खारटपणा ओढून घ्यायला पातेल्यात दोन बटाटे सोडले.

“आक्का, आकडे बदलायला थोडा वेळ लागेल. आवृत्ती थांबेल ना तोवर?”

आक्कानं कोळसा त्याच्या हातावर ठेवला.

“थांबेल. आधी भिंत. उद्या रांधायची पाळी माझी आहे.”